आपल्या माणसाची बातमी

बालमित्रांनो, एक प्रश्न विचारतो. उत्तर अगदी खरं खरं द्यायचं, बरं का!

समजा, तुमच्या वर्गातल्या मित्राला चित्रकलेत पहिलं बक्षीस मिळालं. गुरुजींनी त्याचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. तुम्हीही टाळ्या वाजवल्या. पण त्या वेळी तुमच्या मनात काय झालं? नुसता आनंद झाला, की कुठंतरी थोडंसं टोचलंसुद्धा?

माझ्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा सगळी मुलं एका सुरात ओरडली, "आनंद झाला, सर!" फक्त मागच्या रांगेतली चौथीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "मले थोडासा राग आला होता, सर. मंग गेला." तिच्या खरेपणाला मी मनातल्या मनात शंभरपैकी शंभर गुण देऊन टाकले. कारण दुसऱ्याच्या चांगल्या बातमीनं आपल्याला आनंद होणं, ही काही आपोआप येणारी गोष्ट नाही. सायकल चालवणं शिकावं लागतं, पोहणं शिकावं लागतं, तसंच हेही शिकावं लागतं.

मी ते कुठं शिकलो, ठाऊक आहे? शाळेत नाही आणि डी.एड.च्या वर्गातही नाही. मी ते शिकलो नाटकाच्या मंडपात, कडाक्याच्या थंडीत, जमिनीवर पोतं अंथरून!

२५ जानेवारीची संध्याकाळ

तारीख होती २५ जानेवारी २०२३. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. शाळेच्या पटांगणात चुन्याच्या रेघा मारून मी नुकताच घरी आलो होतो. हात धुतो न धुतो तोच फोन वाजला. मोबाइलवर आमचा नाटकवेड्यांचा एक छोटासा गट आहे, त्यावर एक ओळ आली होती : "खुणे सरांना पद्मश्री!!!"

तीन उद्गारचिन्हं होती. मी मोजली.

डॉ. परशुराम खुणे हे नाव पुण्यामुंबईच्या मुलांनी कदाचित ऐकलं नसेल. पण आमच्याकडे हे नाव नुसतं घेतलं तरी म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर हसू फुटतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातलं गुरनोली हे त्यांचं गाव. झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी आठशेच्या वर भूमिका केल्या, पाच हजारांच्या आसपास प्रयोग केले. विनोदी भूमिका तर अशा करायचे, की मंडपात हसून हसून लोकांची पोटं दुखायची! त्या संध्याकाळी दिल्लीहून पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली. त्याच यादीत तबलानवाज झाकिर हुसेन होते, गायिका सुमन कल्याणपूर होत्या, आणि त्याच यादीत आमच्या जंगलातल्या गावचा नटही होता!

शेजारच्या आजींना मी ओरडून ही बातमी सांगितली. त्यांना कमी ऐकू येतं. दोनदा सांगावं लागलं. मग त्या चुलीपाशीच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "आपला मानूस दिल्लीले चालला बापा! माहे तं डोरेच भरून आले."

डोरे म्हणजे डोळे. आमच्या झाडीबोलीत 'ळ' चा 'र' होतो आणि 'ण' चा 'न' होतो. आजींचे आणि खुणे सरांचे काही नाते नाही. त्या त्यांच्याशी कधी बोललेल्याही नाहीत. त्यांनी त्यांना फक्त रंगमंचावर पाहिलं होतं, तेही मंडपात खूप मागं बसून. तरी "आपला मानूस"! पुरस्कार मिळाला एका माणसाला, आणि डोळे भरले भलतीकडेच, चुलीपाशी बसलेल्या एका म्हातारीचे. ही काय जादू आहे?

आणखी एक गोष्ट. गटावरची ती ओळ कोणी लिहिली होती, हे मी आत्ता सांगणार नाही. ते शेवटी. कारण त्या रात्री मला पद्मश्रीइतकाच आनंद त्या ओळीचाही झाला होता.

झाडी, धान आणि नाटक

आधी आमचा मुलूख समजून घ्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेल्या जंगलाच्या पट्ट्याला आम्ही झाडीपट्टी म्हणतो. साग, मोह, तेंदू आणि बांबूचं रान. रानाच्या मधे मधे तलाव आणि बोड्या. तलावाखाली धानाच्या बांध्या. मधून वैनगंगा वाहते. तिच्या एका तीरावर चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरी, दुसऱ्या तीराकडे गडचिरोली जिल्ह्यातली वडसा आणि आरमोरी.

पावसाळाभर लोक चिखलात रोवणी करतात. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येतो. घरात धान्य येतं, हातात चार पैसे येतात. आणि मग सुरू होतो नाटकांचा हंगाम! भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. तेव्हापासून होळीच्या आसपासपर्यंत आज या गावी, उद्या त्या गावी, नाटकच नाटक!

या नाटकांची राजधानी म्हणजे वडसा. सरकारी कागदावर त्याचं नाव देसाईगंज. रेल्वे स्टेशनचं गाव. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथं आहेत. गावातली चार जाणती माणसं वडशाला जातात, कंपनी निवडतात, तारीख ठरवतात, विसार देतात आणि गावात येऊन सांगतात, "नाटक ठरलं!" एवढं म्हणायचा अवकाश, घराघरांत सारवण सुरू होतं.

नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि संपतं पहाटे! तुम्ही म्हणाल, इतका वेळ? अहो, तीन अंकी नाटक, मधे गाणी, मधे लावणी, वाद्यं वाजवणारे समोरच बसलेले. विषय मात्र आपल्याच घरातले. हुंडा, दारू, भावाभावांतलं भांडण, शेतकऱ्याचं कर्ज. खलनायक आला की बायका मोठ्यानं शिव्याशाप देतात आणि नायिका रडली की पदर डोळ्याला लावतात.

या नाटकात एक माणूस असा असतो, की ज्याच्यावाचून सगळं अडतं; पण जो कुणाला दिसत नाही. तो म्हणजे प्रॉम्प्टर. नटमंडळी रोज वेगळ्या गावी, कधी वेगळ्या नाटकातही काम करतात. सरावाला वेळ थोडा. मग आडोशाला वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर हळू आवाजात वाक्य पुरवतो आणि नट ते दणक्यात म्हणतो. टाळी पडते नटाला. प्रॉम्प्टर पुढचं पान उलटतो. या प्रॉम्प्टरला लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

नाटक हे निमित्त, भेट ही खरी

आता गंमत सांगतो. झाडीपट्टीत लोक नुसतं नाटक पाहायला येत नाहीत. नाटक हे एक आमंत्रण असतं. ज्या गावी नाटक, त्या गावच्या सगळ्या लेकी माहेरी येतात. जावई येतात, साळे येतात, मामा-मावशा येतात. घर लहान असलं तरी पाहुणे मोठे! लाखोळीच्या डाळीचे वडे होतात, चहाचं पातेलं चुलीवरून उतरतच नाही. पूर्वी दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक असा बेत असायचा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी मिळाली.

आणि दिवसभर काय चालतं? बातम्या! कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणी विहीर खणली आणि पाणी लागलं. लग्नाच्या सोयरिकीसुद्धा नाटकाच्या निमित्तानं जुळतात. मुलाकडचे आणि मुलीकडचे एकमेकांना "सहज" नाटकाला बोलावतात. आता ते किती सहज असतं, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं!

म्हणजे काय, तर नाटकाची आवड ही दोरी. त्या दोरीत बातम्यांचे मणी ओवले जातात.

असं फक्त आमच्याकडेच घडतं असं नाही हं. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, रेडिओ सिलोन ठाऊक आहे का? १९५२ साली त्यावर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानी निवेदन करायचे. त्या काळी गाण्यांच्या फर्माइशी पोस्टकार्डावर लिहून पाठवायच्या. आजच्या झारखंडात झुमरी तिलैया नावाचं अभ्रकाच्या खाणींचं गाव आहे. तिथल्या लोकांनी इतकी पोस्टकार्डं पाठवली, इतकी पाठवली, की सगळ्या भारताला त्या गावाचं नाव पाठ झालं! गावोगावी श्रोत्यांचे संघ निघाले. एका कार्डावर आपल्यासोबत भावाचं, मित्राचं, शेजाऱ्याचंही नाव घालायचं. रेडिओवर मित्राचं नाव आलं, की आपलंच नाव आल्यासारखं वाटायचं. आवड एक झाली की दूरची माणसंही जवळची होतात, ती अशी.

आम्ही आठ जण

आमचा गटही असाच जमला. साल २०१६. वैनगंगेच्या काठच्या एका गावी नाटक होतं. थंडी अशी, की दात वाजत होते. मी एकटाच होतो आणि शहाणपणा करून नुसता स्वेटर घालून गेलो होतो. शेजारी एक आजोबा आपल्या नातवाला घोंगडीत गुंडाळून बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, सरका इकडं. घोंगडी मोठी आहे जी."

त्या घोंगडीपासून ओळख झाली. मध्यंतरात चहा प्यायला गेलो, तर चहावाले काकाही नाटकवेडे! ते ब्रह्मपुरीकडचे. नाटक जिथं, तिथं त्यांची चहाची गाडी. धंदाही होतो आणि नाटकही होतं. मग आरमोरीकडच्या अंगणवाडीच्या ताई भेटल्या, त्यांची मुलगी भेटली. एक ट्रॅक्टर चालवणारे दादा आणि त्यांच्या वहिनी भेटल्या. असे आम्ही आठ जण. गावं वेगळी, कामं वेगळी, वयं वेगळी. आजोबा सत्तरीचे आणि त्यांचा नातू तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा. त्याला आम्ही नाटकवाला म्हणायचो, कारण खलनायकाची वाक्यं त्याला तोंडपाठ!

सुरुवातीला आमच्या गप्पा फक्त नाटकाच्या. कोणत्या कंपनीचा नायक चांगला, कुणाचं गाणं सुरेल, कोणाची एंट्री जोरात. पण हळूहळू दुसऱ्या गोष्टी येऊ लागल्या. पहिली बातमी आणली वहिनींनी. त्या प्रौढपणी सही करायला शिकल्या होत्या. बँकेत अंगठा न लावता सही करून पैसे काढले होते! चहावाल्या काकांनी त्या रात्री आम्हां सगळ्यांचा चहा फुकट केला आणि गल्ल्यावरच्या कागदावर वहिनींची सही घेतली. "तारखेसकट करा जी," म्हणाले, "दुकानात लावतो." आणि खरंच लावली! अजून ती त्यांच्या गाडीवर काचेमागं आहे.

मुलांनो, बातमी किती मोठी, हे कोण ठरवतं? वर्तमानपत्राच्या हिशेबानं ती बातमीच नव्हती. पण वहिनींसाठी ती पहिल्या पानावरची होती. काकांना हे कळलं, कारण वहिनी कोण आहेत, त्यांनी काय काय सोसलं, हे त्यांना माहीत होतं. म्हणून मी म्हणतो, बातमी साजरी करायची तर आधी माणूस माहीत पाहिजे.

पुढे बातम्यांची रांगच लागली. ट्रॅक्टरवाल्या दादांचं कर्ज फिटलं. ताईंच्या अंगणवाडीला नवी खोली मिळाली. आजोबांची गाय व्याली. २०२० साली करोना आला. त्या दिवाळीनंतर बहुतेक गावांत मंडप उभेच राहिले नाहीत. नाटकावर ज्यांची पोटं, त्या कलाकारांचे आणि वाजवणाऱ्यांचे हाल झाले. आम्हालाही चैन पडेना. तेव्हा मोबाइलवर गट केला. आजोबांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांच्या फोनवर नातूच त्यांचं बोलणं लिहून पाठवायचा. वाक्याच्या शेवटी तीन तीन उद्गारचिन्हं देण्याची सवय त्याचीच!

माझी चूक

आता जे सांगतो, ते सांगताना मला बरं वाटत नाही. पण चूक केली तर कबूल करावी, असं मीच तुम्हाला शिकवतो ना?

जून २०२२. दहावीचा निकाल लागला. गटावर पहिली बातमी ताईंची : मुलीला ८८ टक्के! मग दादांच्या पुतण्याची : ७४ टक्के! अभिनंदनांचा पाऊस पडला. मीही लिहिलं. आणि लिहिता लिहिता, सगळ्यांसमोर, विचारून बसलो : "आणि आपल्या नाटकवाल्याला किती?"

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. तिसऱ्या दिवशी काकांचा मला एकट्याला फोन आला. "गुरुजी, पोरगा इंग्रजी आन् गणितात गेला. तुम्ही तिथं कायले विचारलं जी?"

मी गप्प झालो. रोज मुलांमध्ये वावरणारा मास्तर मी! निकालाच्या दिवशी जो मुलगा काही बोलत नाही, त्याला चारचौघांत विचारू नये, एवढं मला कळायला हवं होतं. मी माफीचा निरोप पाठवला. तो पोचला की नाही, कळलं नाही. त्या दिवसापासून आजोबांच्या फोनवरून काहीच येईना. कसं येणार? लिहून देणारा हात थांबला होता.

दिवाळी झाली. पहिलं नाटक लागलं. आम्ही सहा जण जमलो. पोती अंथरली, आणि सवयीनं आठ जणांचीच अंथरली. दोन जागा रिकाम्या राहिल्या. नाटक चांगलं होतं म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही.

"बातमी नसली तरी जागा आहे"

दुसऱ्याच आठवड्यात काकांनी एक दिवस चहाची गाडी बंद ठेवली. बसनं आजोबांच्या गावी गेले. पोरगा बांधीत धानाचे भारे बांधत होता. काकांनी निकालाचं नाव काढलं नाही. फेरपरीक्षेचं नाव काढलं नाही. अभ्यास कर, असंही म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "शनिवारी नाटक आहे. येजो."

पोरगा मान खाली घालून म्हणाला, "माझ्यापाशी काही बातमी नाही जी, काका."

काका म्हणाले, "बातमी आन, असं कोनं म्हटलं? बातमी नसली तरी जागा आहे तुही."

मुलांनो, काकांचं शिक्षण सातवीपर्यंत झालं आहे. माझ्याकडे डी.एड.चं प्रमाणपत्र आहे. पण त्या दिवशी खरा शिक्षक कोण होता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

शनिवारी आजोबा आणि नातू आले. आम्ही सरकून जागा दिली. मी त्याच्या शेजारी बसलो आणि हळूच म्हणालो, "चुकलं माझं." तो काही बोलला नाही. पण पहाटे थंडी वाढली, तेव्हा घोंगडीचं एक टोक त्यानं माझ्या पायांवर टाकलं. मला उत्तर मिळालं.

गटावर मात्र तो अजून काही लिहीत नव्हता. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. आणि २५ जानेवारीच्या संध्याकाळी आजोबांच्या फोनवरून ती ओळ आली : "खुणे सरांना पद्मश्री!!!"

होय, ती त्याचीच ओळ! सात महिन्यांनी पोरगा बोलला, तो दुसऱ्याच्या बातमीसाठी बोलला. स्वतःच्या दुःखात असताना दुसऱ्याच्या आनंदानं ज्याला राहवत नाही, तो मुलगा नापास कसा म्हणायचा?

पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. त्यानं मार्च २०२३ मध्ये पुन्हा परीक्षा दिली. ताईंची मुलगी त्याला फोनवरून गणित समजावायची. तो पास झाला. टक्के किती पडले, ते मी विचारलं नाही! पण त्यानं स्वतःहून सांगितलेली पहिली बातमी ही नव्हती बरं का. ती आली त्या हिवाळ्यात. त्याच्या गावच्या हौशी मुलांनी नाटक बसवलं आणि त्याला प्रॉम्प्टर केलं! आम्ही बाकीचे सगळे मुद्दाम त्याच्या गावी गेलो. तो पूर्ण वेळ पडद्याआड होता. एकदाही दिसला नाही. नाटक संपल्यावर नटांना टाळ्या मिळाल्या. मग काका उठून उभे राहिले आणि ओरडले, "प्रॉम्प्टरले एक होऊन जाऊ द्या!" अख्ख्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. पोरगा वही छातीशी धरून बाहेर आला आणि लाजून पुन्हा आत पळाला.

तुम्ही काय कराल?

तर दोस्तांनो, मी मंडपात जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

मित्रानं बातमी सांगितली, की नुसतं "अभिनंदन" म्हणून थांबू नका. एक प्रश्न विचारा. "बक्षीस मिळालं? कोणतं चित्र काढलं होतंस? दाखव ना!" त्या एका प्रश्नानं त्याचा आनंद दुप्पट होतो.

त्याची बातमी चालू असताना आपली बातमी मधे घुसवू नका. आपली वेळ येईलच.

मित्राची बातमी त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्यांना सांगू नका. ती त्याची आहे.

पोटात थोडं टोचलं तर घाबरू नका. माझ्या चौथीतल्या त्या मुलीसारखं स्वतःशी कबूल करा. कबूल केलं की ते जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सगळे बोलत असताना जो गप्प आहे, त्याच्याकडे बघा. त्याला चारचौघांत विचारू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.

माझ्या शाळेत आता आम्ही एक नवी प्रथा पाडली आहे. परिपाठात प्रार्थना, सुविचार आणि दिनविशेष झाला, की "आपली बातमी" असते. पण नियम असा, की स्वतःची बातमी सांगायची नाही. मित्राची सांगायची, त्याला विचारून! पहिल्या दिवशी कुणीच उठलं नाही. आता रांग लागते. "सर, हिच्या शेळीला दोन पिल्लं झाली." "सर, यानं काल एकट्यानं पाढा म्हटला." "सर, याचा भाऊ बरा होऊन घरी आला." टाळ्या अशा पडतात, की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून बघतात.

पालकांसाठी दोन शब्द. निकालाच्या दिवशी आपण नकळत म्हणून जातो, "बघ, शेजारच्याला किती मिळाले!" दुसऱ्याची चांगली बातमी आपण अशी छडी करून मुलाच्या अंगावर मारली, तर त्या मुलाला दुसऱ्याच्या आनंदाचा आनंद कधी होणार? उलट त्याला हाताशी धरून पेढे द्यायला शेजारी घेऊन जा. आणि घरातल्या मुलाजवळ त्या दिवशी सांगण्यासारखी बातमी नसेल, तर काकांचं वाक्य त्याला ऐकवा : बातमी नसली तरी जागा आहे.

दिवाळीनंतर कधी वडशाकडे आलात, तर एखाद्या गावी रात्री मंडप दिसेल, दूरवर गाणं ऐकू येईल. खुशाल आत या. आमची घोंगडी मोठी आहे. तोवर एक काम करा. आज शाळेतून घरी जाताना एका मित्राला विचारा, "काय रे, तुझी काय बातमी?" आणि त्यानं सांगितलेली बातमी, मग ती शेळीच्या पिल्लांची का असेना, पूर्ण ऐकून घ्या.